माथ्यावरचा तारा आणि कुरुंदवाडचा खगोलशास्त्रज्ञ

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, साधारण २४-२५ तारखेला, दुपारी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी वर्ध्यात उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. सूर्य त्या वेळी बरोबर डोक्यावर असतो. शाळाशाळांतून हा शून्य सावलीचा दिवस आता हौसेने पाहिला जातो. वर्ध्याचे अक्षांश पावणेएकवीस अंश उत्तर आहेत आणि सूर्य वर्षातून दोनदाच, मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यानंतर, आकाशातल्या तेवढ्याच उत्तरेला असतो.

एक तारा मात्र वर्ध्याच्या माथ्यावरून रोज जातो. त्याचे नाव ५१ पेगासी. आपल्या पंचांगातल्या पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे दोन ठळक तारे म्हणजे भाद्रपदाच्या मोठ्या चौकोनाची पश्चिमेकडची बाजू. त्या बाजूच्या मध्याजवळ, चौकोनाच्या किंचित बाहेर हा तारा आहे. वर्धा ते सेलू या पट्ट्यातल्या माणसाच्या माथ्यावरून तो जातो तेव्हा अगदी डोक्यावरचा बिंदू आणि तो तारा यांच्यात चंद्राच्या रुंदीएवढेही अंतर नसते. दिवाळीच्या अमावास्येला रात्री आठ-नऊच्या सुमारास तो माथ्यावर येतो. शहराच्या दिव्यांत दिसणार नाही इतका मंद आहे. हिंगणीच्या पुढे बोर धरणाच्या बाजूला, चांगल्या अंधारात, तीक्ष्ण डोळ्यांना दिसेल आणि साध्या दुर्बिणीतून तर सहज.

हा तारा आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली याच्याभोवती सापडला. शोध लावणारे मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना २०१९चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांनी तो ग्रह पाहिला नव्हता. ताऱ्याच्या झगमगाटात तो वेगळा दिसणे शक्यच नव्हते. जो दिसला नाही, त्याचे वजन, त्याचे अंतर, त्याचे वर्ष किती दिवसांचे, हे सगळे कळले कसे? आणि ते खरे आहे अशी खात्री कशी पटली? दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. ग्रहांच्या शोधाचा सगळा इतिहास खात्री करून घेण्याचा इतिहास आहे, आणि त्यातली काही महत्त्वाची पाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेल्या एका माणसाच्या नावावर आहेत.

हेलकावा

लहान मुलीबरोबर मोठ्या बाईने फुगडी घातली तर काय दिसते? मुलगी मोठ्या वर्तुळात गरगर फिरते आणि बाई जागच्या जागी उभी आहे असे वाटते. नीट पाहिले तर तीही थोडी मागे रेलून एका छोट्या वर्तुळात फिरत असते. नाहीतर तोलच सांभाळता आला नसता. तारा आणि ग्रह यांचे असेच आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात दोघेही आपल्या सामाईक तोलबिंदूभोवती फिरतात. तारा प्रचंड जड, म्हणून त्याचे वर्तुळ अगदी लहान. अंधारात मुलगी दिसत नसली, तरी बाईच्या हेलकाव्यावरून तिचे वजन आणि फुगडीचा वेग ओळखता येतो.

हा हेलकावा मोजायचा ताऱ्याच्या प्रकाशावरून. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा बारीक रेघांच्या पट्टीवरून पसरवला की त्याचा वर्णपट मिळतो, म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरलेला रंगांचा पट्टा. त्यात जागोजागी काळ्या बारीक रेषा असतात. ताऱ्याच्या वातावरणातल्या लोह, कॅल्शियम, सोडियम अशा मूलद्रव्यांनी तेवढा तेवढा रंग शोषून घेतलेला असतो. तारा आपल्याकडे सरकत असला की या रेषा निळ्या टोकाकडे किंचित सरकतात, लांब जात असला की तांबड्या टोकाकडे. सरकणे किती, यावरून वेग कळतो.

'किंचित' म्हणजे किती ते पाहू. ५१ पेगासीचा हेलकावा सेकंदाला ५५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे २०० किलोमीटर. आपल्याला हा वेग मोठा वाटतो, पण प्रकाशाच्या वेगापुढे तो पन्नास लाखांत एक भाग एवढाच आहे, आणि रेषाही तेवढ्याच प्रमाणात सरकतात. गुरू आपल्या सूर्याला सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर हलवतो. पृथ्वी तर जेमतेम नऊ सेंटिमीटर.

मायोर आणि केलो फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत काम करत होते. हेलकावा त्यांच्या आकड्यांत लवकरच दिसू लागला, पण त्याचा काळ होता सव्वाचार दिवस! आपल्या सूर्यमालेत सर्वांत जवळच्या बुधालाही प्रदक्षिणेला ८८ दिवस लागतात. गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह ताऱ्याला इतका चिकटून फिरेल, असे त्या काळी कोणी मानत नव्हते. त्यात मार्च आला. मार्चमध्ये सूर्यच पूर्वाभाद्रपदा नक्षत्रात असतो, त्यामुळे तारा दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो. दोघांनी घोषणा केली नाही. जुन्या आकड्यांवरून त्यांनी हिशेब मांडला, की जुलैमध्ये तारा पहाटे पुन्हा दिसू लागेल तेव्हा त्याचा वेग कोणत्या रात्री किती असायला हवा. जुलैमध्ये वेध घेतले आणि आकडे जुळले. ६ ऑक्टोबर १९९५ रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये भरलेल्या परिषदेत त्यांनी शोध जाहीर केला. काही दिवसांतच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेतून जेफ मार्सी आणि पॉल बटलर यांनी तोच हेलकावा स्वतंत्रपणे पाहिला.

त्याच परिषदेत आणखी एक शोध जाहीर झाला. त्यामागच्या गटाचे प्रमुख होते श्रीनिवास कुलकर्णी.

कुरुंदवाडहून आरेसिबोला

श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९५६चा, कुरुंदवाडचा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे जुन्या पटवर्धन संस्थानाचे गाव. पलीकडच्या तीरावर नरसोबाची वाडी. वडील शल्यचिकित्सक होते. मुलांचे बालपण पुढे हुबळीला गेले. लेखिका सुधा मूर्ती या त्यांच्या थोरल्या भगिनी. आयआयटी दिल्लीतून १९७८ साली पदव्युत्तर शिक्षण घेऊन कुलकर्णी अमेरिकेत बर्कलेला गेले आणि १९८३ साली पीएच.डी. झाले. प्रबंध होता आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूवर. ग्रहांचा त्यात संबंध नव्हता.

पण विद्यार्थी असतानाच, १९८२ साली, डॉन बॅकर यांच्याबरोबर ते पोर्तो रिकोमधल्या आरेसिबोच्या ३०५ मीटर रुंद रेडिओ दुर्बिणीकडे वळले. आकाशात एका जागेवरून विचित्र रेडिओ लहरी येत होत्या. बॅकर यांना संशय होता की तो स्पंदक तारा असावा. स्पंदक म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर मागे उरलेला, वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा, अतिशय घट्ट गोळा. तो स्वतःभोवती फिरतो आणि प्रत्येक फेरीला त्याच्या रेडिओ झोताचा एक ठोका आपल्यापर्यंत पोहोचतो. तोवर माहीत असलेले स्पंदक सेकंदाला जास्तीत जास्त तीसेक फेऱ्या घेत. हा निघाला सेकंदाला ६४२ फेऱ्यांचा! जाता जाता सांगतो, हाही वर्ध्याच्या माथ्यापासून एक अंशाच्या आतूनच जातो, मात्र डोळ्यांना दिसत नाही.

असे स्पंदक विलक्षण नियमित असतात. पुढचा ठोका कधी येणार, हे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत सांगता येते. म्हणूनच ग्रह शोधायला ते फार उपयोगी पडले. स्पंदकाभोवती ग्रह असेल तर स्पंदकही हेलकावे घेणार. तो आपल्या बाजूला आला की ठोका थोडा लवकर पोहोचणार, पलीकडे गेला की थोडा उशिरा.

याच पद्धतीने जुलै १९९१मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्पंदकाभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर केले. ग्रहाचे वर्ष सहा महिन्यांचे निघाले होते. सहा महिने म्हणजे पृथ्वीच्या वर्षाच्या बरोबर निम्मे. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरते, त्यामुळेही ठोके लवकर-उशिरा येतात, आणि तो परिणाम हिशेबातून वजा करावा लागतो. लाइन यांनी पुन्हा तपासले तेव्हा दिसले की स्पंदकाचे आकाशातले स्थान किंचित चुकीचे धरले गेले होते आणि पृथ्वीच्या कक्षेच्या लांबटपणाचा हिशेब पुरता वजा झालेला नव्हता. ग्रह नव्हताच. जानेवारी १९९२मध्ये अटलांटा इथल्या परिषदेत शेकडो खगोलशास्त्रज्ञांसमोर त्यांनी हे स्वतः सांगितले. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात असायला हवा.

त्याच परिषदेत अलेक्झांडर वोल्शचान यांनीही स्पंदकाभोवतीच्या ग्रहांविषयी सांगितले. त्यांचा स्पंदक कुलकर्णींनी पाहिलेल्या जातीचाच, सेकंदाला १६० फेऱ्या घेणारा, दोन हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर. त्याच्याभोवती दोन ग्रह होते, एक साडेसहासष्ट दिवसांत फिरणारा, दुसरा अठ्ठ्याण्णव दिवसांत, दोघेही पृथ्वीच्या काही पट वजनाचे. प्रत्येक ग्रहामुळे ठोके सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडे अधिक पुढे-मागे होत होते. म्हणजे स्पंदक सुमारे ४०० किलोमीटर हलत होता. वर्ध्याहून हैदराबाद सरळ रेषेत जवळपास तेवढेच पडते. इतक्या दुरून एवढे बारीक हलणे पकडले! आणि लाइन यांची चूक पुन्हा होऊ नये म्हणून वोल्शचान यांचे सहकारी डेल फ्रेल यांनी वेगळ्याच दुर्बिणींच्या मदतीने स्पंदकाचे स्थान अचूक मोजून घेतले होते. हे ग्रह टिकले. सौरमालेबाहेर खात्रीने सापडलेले पहिले ग्रह हेच, मेलेल्या ताऱ्याभोवतीचे.

मृगाच्या पायाशी

कुलकर्णी तोवर पॅसाडेनाच्या कॅलटेकमध्ये प्राध्यापक झाले होते आणि त्यांना वेगळाच नाद लागला होता. हेलकाव्यावरून ओळखण्यापेक्षा ताऱ्याशेजारचा मंद सोबती थेट पाहायचा.

मृग नक्षत्र विदर्भातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. आकाशात त्या मृगाच्या पायाखाली, दक्षिणेला, ससा नावाचा लहानसा तारकासमूह आहे. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री वर्ध्याहून पाहिले तर तो दक्षिण क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर येतो. त्यात ग्लीझे २२९ नावाचा तांबूस तारा आहे. आपल्यापासून १९ प्रकाशवर्षांवर, म्हणजे शेजारीच, तरी इतका मंद की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

त्याच्या शेजारचे काही पाहायचे तर दोन अडचणी. पहिली, ताऱ्याची चकाकी. दुसरी, आपले वातावरण. हवेचे थर हलतात, त्यामुळे ताऱ्याची प्रतिमा सतत थरथरते, पसरते आणि शेजारचा मंद ठिपका त्या पसाऱ्यात बुडून जातो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मंडळींनी या दोन्हींवर उपाय असलेले उपकरण तयार केले होते. त्यातला एक आरसा सेकंदाला अनेक वेळा किंचित कलून प्रतिमेची थरथर काढून टाकत असे, आणि प्रतिमा जिथे एकवटते तिथे बसवलेली छोटी अपारदर्शक टिकली ताऱ्याला झाकून टाकत असे. हे उपकरण कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर चढवले गेले. तादाशी नाकाजिमा, कुलकर्णींच्या विद्यार्थिनी रिबेका ओपेनहायमर, हॉपकिन्सचे डेव्हिड गोलिमोव्स्की आणि सॅम्युएल ड्युरन्स एकेक जवळचा तारा घेऊन त्याच्या आसपास पाहत होते.

२७ ऑक्टोबर १९९४च्या रात्री ग्लीझे २२९च्या बाजूला एक मंद ठिपका दिसला. अंतर पावणेआठ विकला. अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक विकला.

मग गट गप्प बसला. कारण आकाशात ताऱ्याशेजारी दिसणारा ठिपका बहुतेक वेळा त्याचा कोणी नसतो. खूप मागे, हजारो प्रकाशवर्षे दूर असलेला एखादा तारा योगायोगाने त्याच दिशेला दिसतो. खरा सोबती ओळखायचा कसा? जवळचे तारे आकाशात हळूहळू सरकतात. ग्लीझे २२९ वर्षाला पाऊण विकलेच्या आतबाहेर सरकतो. मागचा दूरचा तारा जागेवरच राहील आणि दोघांमधले अंतर बदलेल. सोबती असेल तर तो ताऱ्याबरोबर तेवढाच सरकेल. हे पाहायला वर्षभर थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. वर्षाने पाहिले तेव्हा तारा सरकला होता आणि ठिपकाही त्याच्याबरोबर सरकला होता.

दरम्यान पालोमारच्याच पाच मीटरच्या हेल दुर्बिणीने ठिपक्याचा अवरक्त वर्णपट घेतला. डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेच्या बाजूचा प्रकाश म्हणजे अवरक्त. त्या वर्णपटात मिथेनच्या ठळक खुणा होत्या. गोबरगॅसमध्ये मुख्यतः असतो तोच हा वायू. गुरूच्या वातावरणातही तो आहे. पण कोणत्याही खऱ्या ताऱ्यात तो टिकत नाही, कारण हजार-दीड हजार अंशांच्या वर तापमान गेले की मिथेनमधला कार्बन ऑक्सिजनबरोबर जाऊन कार्बन मोनॉक्साइड बनतो. म्हणजे हा ठिपका ताऱ्याच्या मानाने फारच थंड, सातशे अंश सेल्सियसच्या आसपासचा. तारा नाही, आणि ग्रह म्हणावा तर फार जड.

असे काहीतरी असले पाहिजे, हे गणित १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या शिव कुमार यांनी अमेरिकेत मांडले होते. अशा वस्तूंना आज तपकिरी बटू म्हणतात. तीस वर्षे लोक शोधत होते, अनेकदा सापडल्याचे वाटले आणि अनेकदा ते फसवे निघाले. १९९५ साली कृत्तिकांमध्ये स्पॅनिश गटाला असा एक सापडला. पण तो बराच तापलेला, ताऱ्यासारखाच दिसणारा होता. ग्लीझे २२९ब या नावाने ओळखला जाणारा हा ठिपका मात्र मिथेनमुळे वादाच्या पलीकडचा ठरला. शोधनिबंध 'नेचर'मध्ये ३० नोव्हेंबर १९९५ला आणि वर्णपट 'सायन्स'मध्ये दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध झाला.

चौकट : तारा, तपकिरी बटू, ग्रह

वायूचा ढग स्वतःच्याच वजनाने आकसत जातो तेव्हा त्याचे पोट तापते. वजन गुरूच्या सुमारे ७५ ते ८० पट किंवा त्याहून जास्त असेल तर आत हायड्रोजनचे ज्वलन, म्हणजे अणुकेंद्रांचे एकत्र येणे, कायमचे सुरू होते. तो तारा. वजन गुरूच्या सुमारे १३ पटींहून जास्त पण त्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर जड हायड्रोजन थोडा काळ जळतो, मग वस्तू फक्त थंड होत जाते. तो तपकिरी बटू. त्याहून हलके ते ग्रहांच्या पंगतीत. १३ची रेघ काटेकोर नाही. काही शास्त्रज्ञ वजनापेक्षा जन्म कसा झाला याला महत्त्व देतात : ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या चकतीत तयार झाला तर ग्रह, ढगातून स्वतंत्रपणे आकसला तर तपकिरी बटू.

एकाचे दोन

ग्लीझे २२९ब पाठ्यपुस्तकात गेला. मिथेनवाल्या तपकिरी बटूंचा नमुना म्हणजे हा. पण काही वर्षांपूर्वी त्याचे वजन नीट मोजले गेले तेव्हा घोटाळा उभा राहिला. तो आपल्या ताऱ्याला किती हलवतो यावरून वजन आले गुरूच्या सुमारे ७१ पट. इतकी जड वस्तू इतकी मंद असू शकत नव्हती. गणित चुकते आहे की निरीक्षण?

ऑक्टोबर २०२४मध्ये कॅलटेकच्या जेरी शुआन आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून त्यांनी तो ठिपका इतका बारीक पाहिला की तो फुटून दोन झाला. गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पटींचे दोन तपकिरी बटू, एकमेकांभोवती बारा दिवसांत फिरणारे. त्यांच्यामधले अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या सोळा पट. वजन एकाच वस्तूचे धरले म्हणून ती मंद वाटत होती. दोघांत वाटले की हिशेब लागला. लेखकांमध्ये रिबेका ओपेनहायमरही होत्या, तीस वर्षांपूर्वीच्या त्याच विद्यार्थिनी.

हा शोध मला फार आवडतो. १९९४ला जे पाहिले ते खोटे ठरले नाही. ते अपुरे होते, एवढेच. आणि पुरे व्हायला तीस वर्षे लागली.

सावली, रेडिओ आणि आडवे हलणे

आज माहीत असलेल्या बाह्यग्रहांची, म्हणजे सौरमालेबाहेरच्या ग्रहांची, संख्या सहा हजारांवर गेली आहे. त्यांची अधिकृत यादी नासासाठी कॅलटेकमध्येच ठेवली जाते. यातले बहुसंख्य सापडले ते ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाशात होणाऱ्या घटीवरून. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश एक टक्क्याने घटतो, पृथ्वीएवढा असेल तर दहा हजारांत एक भागही नाही. केप्लर आणि टेस या अवकाश दुर्बिणींनी हेच काम केले. पण घट दुसऱ्या कारणांनीही होते, म्हणून ग्रह पक्का मानण्याआधी आणखी पडताळणी करतात, आणि हेलकावा मोजून वजन काढणे हा त्यातला खात्रीचा मार्ग आहे. आपल्याकडे हे काम माउंट अबूच्या गुरुशिखरावरून अहमदाबादची भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळा करते. 'पारस' या वर्णपटमापकाने २०१८ साली सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या, पृथ्वीच्या सत्तावीस पट वजनाच्या ग्रहाची खात्री करून दिली.

महाराष्ट्रातही प्रयत्न झाला. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर रुंदीच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गुरू स्वतः रेडिओ लहरी सोडतो. मग दुसऱ्या ताऱ्यांचे गुरू-नेपच्यूनही सोडत असतील का? भारतीय आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी हंस तारकासमूहातल्या एका नेपच्यूनएवढ्या ग्रहाच्या दिशेने ही दुर्बीण लावली. २००९ साली मंद रेडिओ लहरी आल्या आणि ग्रह ताऱ्यामागे गेल्यावर त्या थांबल्याचे दिसले. एवढे चांगले चिन्ह! पण पुढच्या वर्षी पुन्हा पाहिले तेव्हा काही आले नाही. त्यांनी निबंधात 'शोध' न म्हणता 'संकेत' म्हटले, आणि तो अजून संकेतच आहे.

कुलकर्णींनी ग्रहांसाठी आणखी एक वाट धरली होती. तारा पुढे-मागे हलतो तसा आकाशात आडवाही हलतो. ते आडवे हलणे अवकाशातून मोजायचे, अशी नासाची योजना होती. तिच्यातल्या ग्रहशोधाच्या मुख्य प्रकल्पाचे ते सहप्रमुख होते. दहा-पंधरा वर्षे तयारी झाली, तंत्रज्ञान सिद्ध झाले आणि २०१० साली योजना रद्द झाली. त्यात गेलेल्या कित्येकांच्या उमेदीच्या वर्षांचा विचार केला की वाईट वाटते. आडवे हलणे आता युरोपच्या गाया यानाच्या मोजमापांतून बाहेर येत आहे. गायाने दहा वर्षांहून जास्त काळ, २०२५च्या सुरुवातीपर्यंत, अब्जाहून अधिक ताऱ्यांची जागा पुन्हा पुन्हा मोजली. ग्लीझे २२९बचे वजन ज्यातून कळले त्यातही गायाचे आकडे होते.

ताऱ्याने गिळलेला ग्रह

कुलकर्णींच्या कारकिर्दीचा एक विशेष म्हणजे ते एका विषयात घर करून राहिले नाहीत. १९९७ साली गॅमा किरणांचे प्रचंड उद्रेक आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे होतात, हे पहिल्यांदा पक्के करणाऱ्यांत ते होते. २००६पासून बारा वर्षे ते कॅलटेकच्या वेधशाळांचे संचालक होते. नंतर त्यांनी पालोमारच्या एका जुन्या दुर्बिणीला नवा कॅमेरा बसवून घेतला आणि २०१८पासून झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी नावाने उत्तरेचे सगळे आकाश दर दोन-तीन रात्रींना पाहण्याचे काम सुरू केले. कालच्या आणि आजच्या चित्रात काय बदलले, तेवढेच शोधायचे. बदल रात्रीला लाखोंनी सापडतात, त्यातले बरेच खोटे. खरे-खोटे वेगळे करणाऱ्या संगणकीय पद्धतींवर काम करणाऱ्यांत कॅलटेकचे आशिष महाबळ आहेत. नव्या बदलांचा पाठलाग करणारी एक स्वयंचलित दुर्बीण लडाखमधल्या हानले इथेही आहे, आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची. तिच्या उभारणीत कॅलटेकमध्येच पीएच.डी. केलेले वरुण भालेराव होते.

मे २०२०मध्ये या पाहणीत गरुड तारकासमूहातला, सुमारे बारा हजार प्रकाशवर्षांवरचा एक तारा दहाएक दिवसांत शंभर पट उजळला आणि मग मंदावला. खगोलशास्त्रज्ञ किशलय डे दुसऱ्याच प्रकारचे स्फोट शोधत होते. अशा स्फोटात तप्त वायू दिसायला हवा, इथे वर्णपटात थंड रेणू दिसले आणि पाठोपाठ अवरक्तात धुळीचा उजेड. दोन तारे एकमेकांत मिसळले की असे होते. पण इथे बाहेर पडलेली ऊर्जा अशा टकरींच्या हजाराव्या भागाएवढीच होती. मग ताऱ्यात जे पडले तेही ताऱ्याच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे असणार. एवढ्या वजनाचा असतो गुरूसारखा ग्रह. तारा आपला ग्रह गिळत असल्याचे माणसाने पहिल्यांदा पाहिले होते. निबंध मे २०२३मध्ये 'नेचर'मध्ये आला.

त्यात म्हटले होते की म्हातारपणी तारा फुगला आणि ग्रहाला त्याने पोटात घेतले. आपल्या सूर्याचे पाच अब्ज वर्षांनी असेच होणार आहे. बुध आणि शुक्र त्यात जाणार हे जवळपास नक्की. पण वेब अवकाश दुर्बिणीने तो तारा पुन्हा पाहिला, आणि २०२५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तो फुगलेला दिसला नाही. मग आता असे दिसते की ग्रहच लाखो वर्षे आपली कक्षा आवळत आवळत जवळ आला आणि शेवटी ताऱ्याच्या वातावरणाला घासून आत पडला.

२०२४ साली कुलकर्णींना शॉ पारितोषिक मिळाले, ते अचानक बदलणाऱ्या आणि स्पंदणाऱ्या ताऱ्यांवरच्या आयुष्यभराच्या कामासाठी.

आपल्याला काय करता येईल

दुर्बीण नसली तरी ग्रह शोधण्याचे काम करता येते. टेस यानाने मोजलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख 'प्लॅनेट हंटर्स टेस' या उपक्रमात कोणालाही पाहायला मिळतात. फोन किंवा शाळेतला संगणक आणि इंटरनेट पुरते. आलेखात कुठे अचानक खाच दिसते का, एवढेच खूण करून सांगायचे. याच उपक्रमाच्या आधीच्या टप्प्यात, २०१२ साली, केप्लरच्या आलेखांतून हौशी स्वयंसेवकांनी दोन ताऱ्यांभोवती फिरणारा एक ग्रह शोधला, आणि त्या जोडीभोवती लांबून आणखी दोन तारे फिरत होते. चार ताऱ्यांच्या घरातला ग्रह संगणकाच्या चाळणीतून निसटला होता. प्रत्येक आलेख अनेक जणांना दाखवला जातो. पुरेशा लोकांना एकाच जागी खाच दिसली, तर ती नोंद शास्त्रज्ञांकडे जाते आणि त्या ताऱ्याचे नवे वेध घ्यायचे ठरते.